तिसऱ्या वर्षीचा मिस्त्री

पोळ्याच्या दिवसांत सरपण ओले असते. श्रावण संपत आलेला, गेल्या हंगामातली पऱ्हाटी सरत आलेली, नवी कपाशी अजून शेतात उभी, आणि पावसाने जूनपासून गोवरी थापायची सोय ठेवलेली नाही. उन्हाळ्यात थापून, रचून, वरून शेणाने लिंपून ठेवलेल्या गोवऱ्या पुरवून पुरवून जाळायच्या. आज अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेड्याच्या गावागावांत बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जाईल आणि ती पोळी खापरावर भाजणारी बाई सकाळपासून धुरात बसलेली असेल. बैलाच्या कष्टाचे ऋण मानण्याचा हा दिवस. बैल गोठ्यात रोज जे टाकतो, त्याचे आपण काय करतो, हे विचारायलाही हाच दिवस योग्य आहे.

शेणाचा हिशेब साधा आहे. गाय-बैल दिवसाला सुमारे दहा किलो शेण देतात, म्हैस त्याहून जास्त. एक किलो ताज्या शेणातून साधारण ३५ ते ४० लिटर गॅस निघतो. दोन घनमीटरच्या गोबर गॅस टाकीला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, आणि पाच-सहा माणसांच्या घराचा दोन वेळचा स्वयंपाक तिच्यावर होतो. म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला असलेले घर सिलिंडरच्या गाडीची वाट पाहत बसायला नको. याच शेणाच्या गोवऱ्या चुलीत घातल्या, तर उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. गोबर गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक लागतो. शिवाय जळलेल्या गोवरीबरोबर शेताचे खतही जाते. टाकीतून गॅस काढून घेतला तरी नत्र, स्फुरद, पालाश बाहेर पडणाऱ्या मळीत शिल्लक राहतात. आणि धूर? घरातल्या चुलींच्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसे मरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० सालचे अनुमान आहे. त्यात चुलीजवळ बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची पोरे किती, हे वेगळे सांगायला नको.

एवढे सगळे पटण्यासारखे असताना आणि शेतकऱ्याला ते पटलेलेही असताना, जळगाव-धुळ्याच्या गावांमध्ये गोबर गॅसच्या कोरड्या टाक्या का दिसतात? कुठे घुमटावर कडबा रचलेला, कुठे तोंडात विटांचे तुकडे, कुठे गंजलेला ड्रम उलटा पडलेला. ज्या घरात ती टाकी आहे तिथे विचारले की उत्तर बहुधा एकच येते : दोन-तीन वर्षे चांगली चालली, मग बंद पडली, मिस्त्री काही आला नाही.

आमच्या मते या साऱ्या विषयाचा गाभा या शेवटच्या चार शब्दांत आहे.

खानदेशाला हा विषय परका नाही. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडले गेले. गावातल्या वस्तूला गावातच मोल मिळावे, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह होता. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग झाले, १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या ड्रमची ‘ग्रामलक्ष्मी’ टाकी घडवली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो नमुना देशभर नेला. जुन्या माणसांच्या तोंडी गोबर गॅस म्हणजे अजून तो लोखंडी ड्रमच : गॅस भरला की वर येणारा, दरवर्षी रंग न दिल्यास गंजणारा. १९७८ मध्ये लखनौहून ‘जनता’ आणि १९८४ मध्ये ‘ॲफप्रो’ संस्थेचा ‘दीनबंधू’ हे विटांच्या घुमटाचे नमुने आले. लोखंड गेले, खर्च उतरला, पण गवंड्याच्या हाताचे महत्त्व वाढले. ड्रमला भोक पडले तर डोळ्यांना दिसते. घुमटाला केसाएवढी चीर गेली तर गॅस गुपचूप निघून जातो आणि घरच्यांना वाटते की शेणच कमी पडले.

१९८१-८२ पासून केंद्र सरकारची बायोगॅस योजना चालत आलेली आहे. नावे बदलत गेली, अनुदानाचे आकडे बदलत गेले. देशात आजवर पन्नास लाखांच्या आसपास घरगुती टाक्या बांधल्या गेल्या, त्यांतल्या नऊ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात. या बाबतीत राज्य देशात पुढे आहे. पण हे आकडे बांधलेल्या टाक्यांचे आहेत. आज सकाळी ज्यांच्यावर चहा झाला, त्या टाक्यांचा आकडा यातून मिळत नाही. लक्ष्य ठरते ते बांधकामाचे, ३१ मार्चला मोजणी होते ती बांधकामाची, अनुदान मिळते तेही बांधकामावर. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या टाकीला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी २२,००० रुपये ठरवले गेले. शौचालय जोडल्यास १६०० रुपये जास्त. काही वर्षे मोफत देखभाल करून देण्याची अटही कागदावर असते. पण त्यासाठी टाकी बांधून देणाऱ्याला मिळणारी रक्कम दोन-चार फेऱ्यांच्या पेट्रोलात आणि मजुरीत संपून जाते. चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावाला एका शेगडीसाठी जाणे मिस्त्रीला परवडत नाही, म्हणून तो येत नाही. त्यात त्याचा दोष फार थोडा आहे.

खानदेशात तर बिघाडाची कारणे इथल्या मातीतच आहेत. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या पोटात विटांचा घुमट बांधायचा तर खड्डा जास्त रुंद घेऊन भोवती मुरूम भरावा लागतो, नाहीतर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच मातीचा दाब घुमट तडकवतो. हे इथल्या जाणत्या गवंड्याला ठाऊक असते; पण सगळीकडचा अंदाजपत्रकी आराखडा एकच, मुरमाचा आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्यांचा खर्च त्यात कोण धरतो? मग पैसे वाचवायला तीच काळी माती पुन्हा भोवती लोटली जाते.

दुसरी अडचण गावाच्या ठेवणीची. धाब्याची घरे भिंतीला भिंत लावून उभी, आणि जनावरे गावाच्या कडेला खळ्यात किंवा थेट मळ्यातल्या गोठ्यात. गोबर गॅसचा दाब कमी असतो. शेगडी टाकीपासून पंधरा-वीस मीटरच्या आत असली तर ज्योत नीट लागते. खळ्यातून गल्ली ओलांडून, दुसऱ्याच्या ओट्याखालून पाइप नेला की ज्योत मिणमिणते आणि पाइपात सखल जागी पाणी साचते. ते पाणी काढायचा साधा कॉक बसवलेला नसतो, किंवा असला तरी तो कशासाठी आहे हे घरातल्या बाईला कुणी सांगितलेले नसते. मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांकडे टाक्या टिकतात आणि गावठाणातल्या बंद पडतात, त्याचे हे मोठे कारण आहे. एकाच तालुक्यात दोन घरांना दोन वेगळे नमुने लागू शकतात, हे मान्य करायला हवे. अलीकडे जाड प्लॅस्टिकच्या तयार पिशवीच्या टाक्या आल्या आहेत. पुण्यातून काम करणारी ‘सिस्टेमा डॉट बायो’ ही कंपनी त्या बसवते. काळ्या मातीच्या फुगण्याचा त्यांना विटांइतका त्रास नाही, मात्र उंदीर, उनाड ढोरे आणि धारदार वस्तू यांपासून त्या जपाव्या लागतात.

तिसरी अडचण हवापाण्याची. शेण कुजवणारे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने काम करतात. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, जमिनीखालच्या टाकीत तेव्हा गॅसची चंगळ असायला हवी. पण नेमके त्याच दिवसांत पारोळा, शिंदखेडा, चाळीसगावच्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते. टाकीला रोज पन्नास लिटर पाणी द्यायचे की दावणीच्या जनावरांना, हा प्रश्नच उरत नाही. थंडीत उलटे होते : पाणी असते, पण धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर येतो आणि गॅस निम्म्यावर येतो. घट्ट शेणावर, कमी पाण्यात चालणाऱ्या टाक्यांचे नमुने देशात आहेत. खानदेशात त्यांचीच चाचणी आधी व्हायला हवी होती. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून पाणी जिरवले गेले, लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली आपले जंगल राखले. २०२५ मध्ये पवारांना ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा साऱ्या खानदेशाला अभिमान वाटला. या गावांकडे आम्ही गोबर गॅसच्या दृष्टीनेही पाहतो. चराई बंद झाली की जनावर दावणीला बांधले जाते, चारा घरी येतो आणि शेणही घरीच राहते. कुऱ्हाड बंद झाली की सरपणाला पर्याय शोधावाच लागतो. पाणी, गवत, दूध आणि गॅस यांच्या योजना एकत्र आखल्या तर प्रत्येकीला दुसरीचा आधार मिळतो. आपल्याकडे त्या चार खात्यांत आणि चार फायलींत राहतात.

मग हे कुठे जमले आहे का? जमले आहे, आणि फार दूर नाही. कोल्हापूर जिल्हा गोबर गॅसमध्ये राज्यात आघाडीवर राहिला आहे. घराला लागून गोठा, गोठ्यात म्हशी, उसामुळे पाणी, आणि दूध संघामुळे गोठ्याकडे रोज लक्ष, अशी जोड तिथे आहे. सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने हजारो टाक्या उभ्या केल्या. तिथे आधी गावातलेच गवंडी शिकवून तयार केले गेले आणि बँकेचे कर्ज घरापर्यंत आणले गेले. गवंडी त्याच पंचक्रोशीतला असला की सणावाराला, बाजाराला ज्यांच्याशी गाठ पडते त्यांच्या टाकीकडे त्याला पाठ फिरवता येत नाही. पुण्याजवळ देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ टाक्यांसाठी सारे आयुष्य वेचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘पद्मश्री’ मिळाली. शौचालयाच्या गॅसवर शिजवायचे म्हटले की मन मागे सरते, हे खरे. पण ते मन देहूत वळले, कारण सांगणारा डॉक्टर गावातच राहत होता आणि वर्षानुवर्षे सांगत राहिला.

नेपाळचा धडा याच जातीचा आहे. तिथे १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने घरगुती बायोगॅसचा कार्यक्रम सुरू झाला. डोंगराळ, गरीब देश. तरी वीस-बावीस वर्षांत टाक्यांची संख्या तीन लाखांवर गेली आणि त्यांतल्या बहुतेक चालत्या राहिल्या. त्यांनी एक नमुना पक्का केला, टाक्या बांधायला खासगी कंपन्यांना परवाने दिले आणि अनुदान कंपनीच्या हाती कामाचा दर्जा पाहून सोडले. काही टाक्या कुणालाही न सांगता निवडायच्या, जाऊन तपासायच्या, दोष निघाला तर कंपनीला दंड. बांधकामाची काही वर्षांची हमी कंपनीने द्यायची आणि ठरलेल्या वेळी येऊन पाहून जायचे. अनुदान देणाऱ्याचे लक्ष शेगडीवर राहिले, म्हणून बांधणाऱ्याचेही राहिले. चीनने याच्या कितीतरी पट, चार कोटींहून अधिक टाक्या बांधल्या. पण माणसे शहरांकडे गेली, घरची डुकरे मोठ्या फार्मांवर गेली आणि असंख्य टाक्या उपाशी राहिल्या.

चीनचा हा भाग आपल्याला जवळचा वाटायला हवा. २०१२ च्या तुलनेत २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातला गोवंश सुमारे दहा टक्क्यांनी घटला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जनावरांच्या लम्पी रोगाची राज्यातली पहिली नोंद झाली ती रावेर तालुक्यातल्या चिनावलला, आणि त्या वर्षी जळगाव जिल्ह्यातला पोळा भीतीच्या सावटाखाली गेला. नांगर-वखराला ट्रॅक्टर आला, गोठा झाडायला सालदार मिळेनासा झाला, आणि ज्या खळ्यात सहा दावी होती तिथे आता दोन आहेत. दोन जनावरांवर दोन घनमीटरची टाकी चालत नाही. तिथे एक घनमीटरचीच हवी. अनुदान जास्त म्हणून मोठी टाकी बांधायची आणि ती अर्धपोटी ठेवायची, हे थांबले पाहिजे. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक टाकी बांधण्याचा मार्गही आहे. पण शेण कुणाचे किती आणि गॅस कुणाला किती, यावरून तो वर्षभरात भांडणात अडकतो असा अनुभव आहे, म्हणून त्याची शिफारस आम्ही जपूनच करू.

आता मळीबद्दल. खानदेशातल्या गोबर गॅसचे भवितव्य आम्हाला शेगडीपेक्षाही मळीत जास्त दिसते. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपड्याचे केळीवाले शेणखत ट्रॉलीच्या भावाने विकत घेतात. उकिरड्यात महिनोन्‌महिने उन्हापावसात पडलेल्या शेणातले बरेचसे नत्र उडून आणि वाहून जाते. टाकीतून निघणारी मळी तयार खत असते, तिच्यात तणाचे बी बव्हंशी मेलेले असते आणि शेणाचा वासही राहत नाही. पण ती पातळ असते. डोक्यावर नेता येत नाही, आणि ठिबकमधून सोडायची तर नीट गाळावी लागते, नाहीतर छिद्रे बुजतात. साऱ्या देशाला ठिबक देणाऱ्या जळगावला मळी गाळण्याचे स्वस्त साधन जमू नये, हे पटत नाही. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या मुजकुव्याला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने बायकांची खत सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरची मळी गोळा होते, तिचे खत होते, बायकांच्या हाती पैसे येतात. मळीला भाव मिळाला की टाकी बंद ठेवणे घराला परवडत नाही, आणि तेव्हा मिस्त्रीच्या फेरीचे पैसे द्यायलाही घर तयार होते. सिलिंडरच्या किमतीशी झुंजण्यापेक्षा खताच्या किमतीवर उभे राहणे गोबर गॅसला अधिक सोपे जाईल.

टाकीचे रोजचे काम बहुधा बाईच्या वाट्याला येते, हे इथे नमूद केले पाहिजे. पन्नास किलो शेण उचलायचे, खडे-काड्या वेचायच्या, पाण्यात कालवायचे. सरपणाची मोळी वाचते, धूर वाचतो. पण हे काम नव्याने येते, आणि टाकीचा निर्णय बहुधा तिला न विचारता झालेला असतो. हाताने कालवण्याऐवजी साधे फिरते यंत्र अनुदानात बसवावे, वापराचे शिक्षण तिला द्यावे आणि मिस्त्रीचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये असावा. आणखी एक गोष्ट तिने ऐकलीच पाहिजे, घरातल्या प्रत्येकाने ऐकली पाहिजे : बंद टाकी साफ करायला आत उतरू नये. आत प्राणवायू नसतो. एक उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. अशा बातम्या आपल्या राज्यातून येत राहतात. टाकी उपसणे हे शिकलेल्या माणसाचे, साधनांसह करायचे काम आहे.

चूल यामुळे घरातून हद्दपार होईल, असे आम्ही म्हणत नाही. भरिताची वांगी पऱ्हाटीच्या जाळावरच भाजली जाणार आणि मांडे खापरावरच होणार. सणाच्या दिवशी चूल पेटावी, जरूर पेटावी. रोजची डाळ, भाकरी, चहा आणि अंघोळीचे पाणी निळ्या ज्योतीवर गेले तरी वर्षातला बहुतेक धूर घरातून जातो.

जळगाव आणि धुळे जिल्हा परिषदांच्या कृषी विभागांकडे यंदाही गोबर गॅसचे लक्ष्य येईल. नवे खड्डे खणण्याआधी त्यांनी जुन्या टाक्यांची गावनिहाय यादी करावी : कोणती चालते, कोणती बंद, आणि बंद असेल तर चीर, पाइप, पाणी की जनावरे, यांपैकी कशामुळे. बंद टाकी पुन्हा सुरू केली तर ती नव्या टाकीइतकीच लक्ष्यात मोजावी आणि तिलाही पैसे मिळावेत. अनुदानाचा एक हिस्सा राखून ठेवावा आणि तो तिसऱ्या वर्षी, घरातल्या बाईने शेगडी पेटवून दाखवल्यावर, टाकी बांधणाऱ्याला द्यावा. दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकणाऱ्या मुलांना घुमटाचे बांधकाम, काळ्या मातीतला भराव, पाइप आणि बर्नरची दुरुस्ती शिकवावी. तालुक्याला चार मिस्त्री पुरतील, पण त्यांना महिन्याला ठरावीक मानधन हवे आणि त्यांचे नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेले हवेत.